आंबटाचा टोप

हे मी जानकीला सांगितलं नाही. तिलाच सांगितलं नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. एका छपराखाली आम्ही पन्नास वर्षं काढली आणि त्यातली चाळीसाहून जास्त वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात होती. आता जानकी नाही. आठ महिने झाले. तिची राख मी सूयाकला, तिच्या माहेरच्या समुद्रात सोडली, आणि परत येताना बसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा मनात आलं — आता कुणाला भ्यायचं?

मला लिहायची सवय नाही. सरकारी शाळेत तीन वर्षं गेलो, तिथलं फ्रेंच-इंग्रजी केव्हाच पुसून गेलं. मराठी अक्षर देवळातल्या वर्गात शिकलो, उसाच्या रानातून आल्यावर, हातपाय धुऊन. चुका होतील. झाल्या तर झाल्या. खोटं लिहायचं नाही, एवढं ठरवून बसलोय.

कुठून सुरू करू? धातूंपासून करतो. माणसांचं मला कधी नीट उमगलं नाही, धातूंचं उमगायचं. निदान मला तसं वाटायचं — आणि वस्तीलाही.

प्लेन मान्येनच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात मी कामाला होतो. आमच्या इथल्या क्रेओल बोलीत त्याला मुलें म्हणतात. तिथल्या दुरुस्तीच्या शेडात माझी उभी हयात गेली. ऊस पिळायच्या चरकाची बेअरिंगं ओतायची, गळक्या नळ्यांना डाख द्यायचा — डाख म्हणजे आताची पोरं सोल्डर म्हणतात ते. तिथं एक गोष्ट लवकर कळली. माणूस हाताळतो त्या धातूंत चोखं फार थोडं असतं. पितळ म्हणजे तांब्यात जस्त. घागर, लोटा, समई सगळी त्याची. कासं म्हणजे तांब्यात कथील. त्याची वाटी, त्याची झांज, त्याचीच देवळातली घंटा. चरकाच्या बेअरिंगचं ब्राँझ हे कास्याचंच भावंड, फक्त कथील कमी घातलेलं, म्हणजे फुटत नाही, झिजतं. हल्ली घरोघरी इस्टील चकाकतं, ते लोखंडच, त्यात क्रोम मिसळलेलं म्हणून गंजत नाही. आणि डाखाची कांडी — अर्धं कथील, अर्धं शिसं.

ही शेवटची ध्यानात ठेवा.

आमच्या पणज्यांनी रत्नागिरीकडून ह्या बेटावर येताना पितळेचे टोप आणले होते. जहाजात बाकीचं कुजलं, हरवलं, पण टोप आले. पितळेत आंबट शिजवलं की कळकतं, खाल्लं की ओकाऱ्या. म्हणून आतून कलई लागते. कलई म्हणजे काय — कथलाचा एक पातळ हात. भांडं कोळशावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गरगर फिरवायचं. पांढरा धूर निघतो, नाकात झोंबतो, आणि धुराखालून चांदी वर येते. पूर्वी पोर्ट लुईहून एक म्हातारा कलईवाला वर्षातून दोनदा यायचा, खांद्यावर भाता टाकून. मग तो यायचा थांबला. मेला असेल. बायकांचे टोप आतून पिवळे पडायला लागले.

शेजारची गंगूकाकी एक दिवस दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय रे, मुलेंत एवढं लोखंड वितळवतोस, आमच्या चार टोपांना कलई करायला तुझे हात झडतात?"

करतो म्हणालो. तिथं मी पहिली माती खाल्ली.

चोखं कथील माझ्याकडं नव्हतं. पोर्ट लुईला एका दुकानात मिळायचं, पण त्यासाठी एक खाडा पडायचा. शेडात डाखाच्या कांड्यांची थोटकं पडलेली असायची. मी म्हटलं, पांढरं ते पांढरं. तसं बघितलं तर डाख लवकर वितळतो, पितळेला पटकन धरतो, आणि चकाकतोही. फरक मला माहीत नव्हता असं नाही. चोखं कथील कानाशी धरून वाकवा — ते कुरकुरतं, आतून काहीतरी मोडल्यासारखं. डाखाची कांडी गप्प वाकते. मला माहीत होतं. ते खाण्यात उतरतं, हे माहीत नव्हतं. एवढं एक माझ्या बाजूनं लिहितो. पुढं माझ्या बाजूचं काही येणार नाही.

बायकांनी टोप बघितले आणि म्हणाल्या, हाताला गुण आहे. ऐकायला गोड वाटायचं. मी शेडात हरकाम्या, काँत्रमेतच्या — म्हणजे मुकादमाच्या — शिव्या खाणारा. वस्तीत मात्र धातूचा जाणकार. ही जाणकारी मला सोडवेना, हे मी आज लिहितो. तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हटलं नसतं.

एकावन्न साली लग्न झालं. जानकी सूयाककडची, बाप मासे मारायला जायचा. ती येताना आईचा एक टोप घेऊन आली. लहानसा, बुडाला जरा बसका, दोन माणसांचं कालवण होईल एवढा. आतली कलई पार गेली होती. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, एका रविवारी, मागच्या अंगणात मी तिच्यासमोर त्याला कलई केली. भाता तिनं मारला. धूर तिच्या डोळ्यांत गेला तरी उठली नाही. टोप पाण्यात बुडवून बाहेर काढला, तेव्हा तिनं आत वाकून बघितलं, कुंकू बोटानं सारखं केलं आणि म्हणाली, "बाजारातून आरसा आणायला सांगितला होता तुम्हाला. बरं झालं विसरलात."

तो तिचा आंबटाचा टोप झाला. चिंच, हळद, मोहरी आणि मासा — तिच्या माहेरची आंबटी. मी ती ताजी खायचो, संध्याकाळी, एकदा. शिळं मी खात नाही. दुपारचा डबा मुलेंत न्यायचो, त्यात चपाती आणि वांगं. माझी आये आमच्याजवळ असायची. तिचे गुडघे धरायचे, म्हणून आंबटाला ती बोट लावायची नाही. मग उरलेलं कोण खाणार? घरात बाई शेवटी जेवते. जे उरेल ते तिचं. आंबटी त्याच टोपात राहायची, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशीसुद्धा, आणि जानकी भात त्या टोपातच कालवून, बोटं फिरवून, निपटून खायची. म्हणायची, आंबटी मुरल्यावर खरी लागते.

बघा, किती सोपं आहे. घरात तीन माणसं, आणि त्या टोपात मुरलेलं खाणारी एकटी ती.

त्रेपन्न साली तिचं पहिलं पोट गेलं, चौथ्या महिन्यात. पंचावन्नला दुसरं, पाचव्यात. ती उजळ होती, ती पिठासारखी पांढरी दिसायला लागली. पोटात मुरडा यायचा, बसल्या जागी गुडघे पोटाशी घ्यायची. आये म्हणायची, "माझ्या पोराच्या नशिबी पोकळ भांडं आलं." हे ती जानकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. मी ऐकायचो. बापे माणसानं बायकांच्या बोलण्यात पडू नये, असं मला शिकवलेलं होतं, आणि ते शिकवणं सोयीचं होतं.

आणखी एक. जानकीला शंका आली होती. तिला — मला नाही. टोप घासताना तिच्या फडक्याला काळं लागायचं. एकदा अंगणात चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर तिनं विचारलं, "अहो, कथलाचं काळं लागतं का हो? माझ्या आईच्या वेळी लागत नव्हतं." मी म्हणालो, "धातूतलं तुला काय कळतं? तू मासे ओळख." बायका हसल्या. जानकीपण हसली. फडकं तिनं मुठीत धरलं आणि पाठीमागं नेलं. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

का लिहिलं हे? कारण नंतरचं सगळं याच जागी अडकलं.

अठ्ठावन्न साल. शेडात गास्तों म्हणून एक म्हातारा क्रेओल होता, माझ्या बापाच्या वयाचा. आम्ही त्याला तोंतों गास्तों म्हणायचो, म्हणजे काका. डाख द्यायचं काम मी त्याच्याच हाताखाली शिकलो. एक दिवस मी थोटकं खिशात टाकताना त्यानं बघितलं. रागावला नाही. हसत म्हणाला, घरी जहाज बांधतोस काय? मी म्हटलं, टोपांना लावतो, आतून. त्याचं हसणं थांबलं.

त्यानं मला बाहेर बाकड्यावर बसवलं. त्याची बहीण पोर्ट लुईला छापखान्यात होती, खिळे जुळवायला. छापखान्याचे खिळे म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. बोटं चाटून कागद उलटायची, त्याच हातानं पाव खायची. तीन वेळा तिचं पोट गेलं. डॉक्टरनं तिचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या — दातांच्या कडेनं निळसर रेघ होती. ते काम सोडायला लावलं. तिनं सोडलं. तीन-चार वर्षांनी तिला मुलगा झाला, तो आता बंदरात कामाला आहे.

"प्लों मांज जांफां," गास्तों म्हणाला. शिसं पोरं खातं. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं हळूच विचारलं, "तो फाम?" तुझी बायको?

मी म्हटलं, नाही, बरी आहे.

बघितलंत? पहिलं खोटं तिथंच, बाकड्यावर. त्याला कळायला हवं होतं की नाही हा प्रश्न नव्हता. जीभच तशी वळली.

त्या संध्याकाळी घरी गेलो. जानकी भात वैरत होती. मला तिच्या हिरड्या बघायच्या होत्या. तोंड उघड म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून मी तिला हसवलं. काँत्रमेत काकवीवरून घसरून पडला, त्याची विजार कशी चिकटली, असं काहीतरी रचून सांगितलं. ती खरोखर हसली, डोकं मागं टाकून, पुष्कळ दिवसांनी. आणि मी बघितलं.

खालच्या दातांच्या कडेनं रेघ होती. शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी.

आयुष्यात मी तिला पुष्कळदा हसवलं असेन. आठवते ती तेवढी एकच वेळ.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाहीस? मला कळलं होतं. गास्तोंच्या बहिणीसारखं तिचंही सुधारलं असतं. एका वाक्याचं काम होतं — टोपात विष आहे, मीच लावलं, टाकून दे.

मी काय केलं ते सांगतो. पुढच्या पगारी सुट्टीला पोर्ट लुईला गेलो, चोखं कथील आणलं. कानाशी धरून वाकवून बघितलं, कुरकुरलं. मग वस्तीत सांगितलं, जुनी कलई उडाली असेल, आणा टोप, नवीन करतो. खरवडून, घासून, सगळ्यांच्या टोपांना चोखी कलई केली. गंगूकाकीचे चार. आमच्या घरचे पाच. एका शब्दानं कारण सांगितलं नाही. गंगूकाकीला सहा पोरं होती, धाकटी दोन तर माझ्या कलईनंतरची, आणि तिचेही टोप मीच डाखानं माखले होते — या हिशेबावर मी कितीतरी दिवस काढले. तिची झाली, मग आमची न होण्याला शिसंच कसं कारण? पण काकीच्या घरी आंबट तिसऱ्या दिवसापर्यंत कधी उरलं? सहा पोरांत? मला उत्तर येत होतं. मी फक्त प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो.

जानकीचा टोप राहिला.

मी मागितला. तिनं दिला नाही. म्हणाली, "ह्याची कलई चांगली आहे. ही तुम्ही लग्नातली केलेली. ह्याला हात लावू नका." मी म्हटलं, अगं, जुनी झाली. तिनं टोप उलटा करून दाखवला, बोट फिरवलं, म्हणाली, कुठं पिवळं दिसतंय दाखवा. दिसत नव्हतंच. डाख घट्ट बसतो. मग हसत म्हणाली, "धातूतलं मला कळत नाही. पण ह्यातलं कळतं."

मी उरलेलं कथील कागदात गुंडाळून ठेवलं.

ती बाहेर गेल्यावर मी तो टोप खरवडू शकत होतो. एका दुपारचं काम. हरवला म्हणून विहिरीत टाकू शकत होतो. हजारदा स्वतःला विचारलंय. उत्तर लाजिरवाणं आहे, तरी लिहितो. तिनं विचारलं असतं, का खरवडला? ती हुशार होती. फडक्याचं काळं तिला आठवलं असतं. दोन आणि दोन चार तिनं तिथल्या तिथं केले असते. आणि चार बायकांसमोर मी तिला म्हटलं होतं, तू मासे ओळख. ते मागं घ्यावं लागलं असतं. दोन पोटं माझ्यामुळं गेली, हे तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. मी वाट बघत राहिलो — टोप कधीतरी आपोआप जाईल. फुटेल, झिजेल, चोरीला जाईल. गुन्हा आपोआप जाईल अशी वाट बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का कधी? मी रोज दाढी करताना पाहायचो.

एकोणसाठ साली गंगूकाकीच्या नातीचं बारसं होतं. पाळण्याला फुलं बांधली होती. बायका नाव ठेवायला पुढं झाल्या, जानकीही हात पुसत पुढं झाली. आयेनं तिचा दंड धरला. "तू लांबच बस गो. पाळण्याला हात नको लावूस." पडवीत आम्ही बापे बसलो होतो. मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो संपवला. जानकी मागच्या दारानं घरी गेली. जाताना भांडी घासायला म्हणून बारशाची चार पातेली घेऊन गेली, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला काम असावं.

मग साठ सालचं वादळ.

ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळायचं नाही. आम्हाला शाळेच्या दगडी खोलीत नेलं. आयेला मी पाठीवर घेतलं होतं. जानकी मागून येत होती, पदराखाली काहीतरी घट्ट धरून, वाऱ्यात वाकून. मला वाटलं, देव घेतले असतील. आत गेल्यावर तिनं पदर सोडला. तो टोप. आत दोन मुठी तांदूळ आणि चिंचेचा गोळा.

परत आलो तेव्हा आमच्या घराचं पत्र्याचं छप्पर उसात पडलं होतं. भिंत आत कोसळली होती. माझे पाचही टोप, चोखी कलई केलेले, भिंतीखाली चेपून भाकरीसारखे झाले होते. राहिला तो एकच. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही सगळं त्यातच शिजवलं — सरकारी तांदूळ, डाळ, पाला. आयेनं पण त्यातलं खाल्लं, मी पण. मला त्याचं जरा बरं वाटायचं. आता आपणही खातोय म्हणून. मूर्खपणा. माझ्या पोटात काय वाढणार होतं?

एकसष्ट साली जानकीला पुन्हा दिवस गेले.

पाच महिने तिनं घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. चतुर्थीला गणपतीपुढं नुसती बसून राहायची, मागायची पण नाही. सारखं आंबट मागायची — त्या दिवसांत मागतातच बायका — आणि टोपात करायची. मी समोर बसून बघायचो. रोज म्हणायचो, आज सांगतो. रोज ती टोप निपटायची.

सहाव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. बोटं, नखं, सगळं होतं. मागं फिलाओचं झाड होतं, सुरूसारखं, त्याच्याखाली मी खड्डा काढला.

पहिल्या दोन वेळी मला माहीत नव्हतं. तिसरीच्या वेळी माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं. हे इथं लिहायला मला एवढी पानं लागली.

पण अजून एक आहे. खरं ते एक आहे.

महिनाभरानं, दुपारी, जानकी उंबऱ्यावर बसली होती. मी पाळी संपवून आलो होतो, पायातले बूट सोडत होतो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला आता चौथं पुरायचं नाही. आता जवळ येऊ नका माझ्या." आणि मग, "माझ्यातच काहीतरी आहे ना हो?"

ती तीस वर्षांची होती. वेळ होता, कळतंय का तुम्हाला? गास्तोंच्या बहिणीला झाला ना मुलगा? टोप टाकला असता, दोन-चार वर्षं थांबलो असतो — झालं असतं की नाही, कोण सांगणार, मी डॉक्टर नाही. पण निदान तिनं ठरवलं असतं. माहिती असून ठरवलं असतं. तिनं सरळ विचारलं होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी बुटाची नाडी सोडत म्हणालो, "असेल."

एवढंच. हा माझा गुन्हा. शिसं नंतर, हा आधी.

तिनं मान हलवली. उठून आत गेली. आये म्हणाली होती की आंबटाच्या हव्यासानं पोट गेलं, म्हणून त्या दिवसापासून जानकीनं आंबट सोडलं. चिंच सोडली, आंबटी सोडली. टोप घासून, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला. मी जे करू शकलो नाही ते तिनं अशा रीतीनं केलं, स्वतःला शिक्षा म्हणून. आणि मला — हेही लिहितो — मला सुटल्यासारखं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली.

वर्षभरात तिच्या तोंडावर रंग आला. मुरडा थांबला. हिरड्यांवरची रेघ गेली, मी बघितलं. ते बघूनसुद्धा बोललो नाही. मग जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आली, मग इस्टीलची. आये गेली, मरताना तिनं जानकीचाच हात धरला होता. कुणाचं बारसं असलं की जानकी झबलं शिवून पाठवायची, स्वतः जायची नाही. आयेला जाऊन किती वर्षं झाली तरी नाही. बोलवायला आलेल्या पोरींना म्हणायची, "माझी सावली कशाला गं पाळण्यावर." हसून म्हणायची. मी तिथंच बसलेला असायचो.

चांगला नवरा म्हणायचे मला. दुसरी केली नाही, टाकली नाही, असं म्हणायचे. जानकीपण म्हणायची. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, मी तुम्हाला काही देऊ शकले नाही. मला ऐकू आलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्ससुद्धा नव्हती. यापेक्षा सोपी जागा मला देवानं दिली नसती.

मी तिला पाणी पाजलं.

परवा माळा साफ करताना टोप सापडला. फडक्यात तसाच, तिनं मारलेली गाठ तशीच. उतरवून अंगणात घेऊन बसलो. आतून अजून पांढरा आहे. एक धुतलेलं धोतर फाडून कोरडं फडकं घेतलं आणि आत एकदा फिरवलं. काळं लागलं. तिला लागायचं तसंच.

जानकीनं उंबऱ्यावर बसून विचारलं होतं, माझ्यातच काहीतरी आहे ना.

नव्हतं.